देवनार परिसरातील परवडणारी घरे आणि चांगल्या शाळांची उपलब्धता : एक चिकित्सक विवेचन

गोषवारा

घर आणि शाळा हे शासनव्यवस्थेत दोन स्वतंत्र खात्यांचे विषय मानले जातात. मुलाला कोणती शाळा मिळणार हे मात्र मोठ्या प्रमाणावर त्याच्या घराच्या पत्त्यावरून ठरते. मुंबईच्या पूर्व उपनगरातील देवनार परिसरात संपन्न वसाहती व दाट झोपडपट्ट्या एकमेकींपासून थोड्याच अंतरावर आहेत. प्रस्तुत लेखात या परिसराच्या आधारे गृहनिर्माणाचे धोरण व शालेय प्रवेशाचे नियम यांचा परस्परसंबंध स्पष्ट केला आहे. शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांची तरतूद, तिच्या मर्यादा आणि देवनार कचराभूमीवरील प्रस्तावित घरबांधणी यांचा त्यात विचार केला आहे.

बीजसंज्ञा : परवडणारी घरे, शेजारशाळा, शिक्षणहक्क कायदा, पुनर्वसन, एम पूर्व विभाग.

१. प्रस्तावना

भारतीय राज्यघटनेच्या ८६ व्या दुरुस्तीने (२००२) ६ ते १४ वर्षे वयोगटातील बालकांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत हक्कांत समाविष्ट केला. त्यास अनुसरून झालेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. निवाऱ्याला असे स्वतंत्र कलम नाही. न्यायालयांनी तो जीविताच्या हक्काशी जोडला असला, तरी प्रत्यक्षात तो योजना, पात्रता आणि सोडत यांवर अवलंबून राहिला आहे. एक हक्क कायद्याने दिलेला आणि दुसरा योजनेच्या आधारावर उभा, अशी ही स्थिती आहे. पहिल्या हक्काचा लाभ घेताना दुसऱ्याची उणीव कशी आड येते, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश होय.

येथे ‘चांगली शाळा’ ही संज्ञा मर्यादित अर्थाने वापरली आहे. पुरेसे शिक्षक, सुरक्षित इमारत, दहावीपर्यंत सलग शिक्षणाची सोय आणि विविध स्तरांतील मुलांचा सहवास, एवढ्या चार गोष्टी तिच्यात अभिप्रेत आहेत. शाळेचे माध्यम किंवा मंडळ हा येथे निकष मानलेला नाही.

२. देवनार : एका विभागातील दोन जगे

देवनार हे बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या एम पूर्व विभागात मोडते. २०११ च्या जनगणनेनुसार या विभागाची लोकसंख्या ८,०७,७२० होती. येथील कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे. १९७१ मध्ये वांद्र्याचा कत्तलखाना येथे हलविण्यात आला. शहराला नकोशा वाटणाऱ्या गोष्टी शहराच्या कडेला नेऊन ठेवण्याची ही रीत पुढे माणसांच्या बाबतीतही चालू राहिली.

याच परिसरात देशपातळीवरील नामवंत संस्थाही आहेत. टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ पासून देवनारला आहे. लोकसंख्याविषयक उच्च शिक्षण व संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थाही येथेच आहे. अणुशक्तीनगर ही अणुऊर्जा विभागाच्या कर्मचाऱ्यांची नियोजित वसाहत जवळच वसलेली आहे. देवनार फार्म रोडच्या बाजूस व चेंबूरच्या दिशेने गेल्या काही दशकांत उत्तुंग गृहसंकुले उभी राहिली. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याच्या पलीकडे मात्र शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर, लोटस कॉलनी अशा दाट वस्त्या कचराभूमीला लागून पसरल्या आहेत.

२००१ च्या जनगणनेच्या आधारे मुंबईत झोपडपट्टीत राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. एम पूर्व विभागात ते सुमारे ७७ टक्के होते. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातील २४ विभागांमध्ये एम पूर्व विभागाचा निर्देशांक सर्वांत कमी, म्हणजे ०.०५ इतका नोंदविला गेला. या आकड्याचा अर्थ लावताना एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हा निर्देशांक काढताना अणुशक्तीनगर व देवनारमधील सुस्थित वसाहतीही विभागातच धरल्या गेल्या आहेत. म्हणजेच जोडरस्त्यापलीकडील वस्त्यांची स्थिती विभागाच्या सरासरीहूनही बिकट असणार, हे उघड आहे.

३. घरांच्या धोरणाने घडविलेला भूगोल

देवनारच्या आसपास गरीब वस्ती आपोआप एकवटली, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. येथील अनेक वस्त्या शासकीय निर्णयांतून निर्माण झाल्या आहेत. शिवाजीनगर ही वसाहतच मुळात शहराच्या अन्य भागांतून हलविलेल्या कुटुंबांसाठी आखण्यात आली. मे १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या जमिनीसाठी ट्रॉम्बे येथील जनता कॉलनी उठविण्यात आली आणि तेथील हजारो कुटुंबांना चिता कॅम्प येथे नेण्यात आले. या स्थलांतराविरुद्धच्या लढ्यातून जोकिन अर्पुथम यांचे नेतृत्व पुढे आले.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. अणुशक्तीनगरची आखणी करताना घरे, दवाखाना आणि शाळा यांचा एकत्रित विचार झाला. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा शिक्षण संस्थेमार्फत तेथे केंद्रीय विद्यालये चालविली जातात आणि विभागातील कर्मचाऱ्यांच्या पाल्यांना त्यांत प्राधान्य असते. घर आणि शाळा एकत्र आखणे शासनाला जमत नाही असे नाही, हेच यावरून सिद्ध होते. चिता कॅम्पला गेलेल्या कुटुंबांच्या वाट्याला मात्र असे नियोजन आले नाही.

पुढील टप्पा पुनर्वसन योजनांचा आहे. महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियम १९७१ मध्ये झाला आणि १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. पात्र झोपडीधारकाला प्रारंभी २२५ चौरस फुटांचे, २००८ पासून २६९ चौरस फुटांचे आणि विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ अन्वये ३०० चौरस फुटांचे घर मोफत देण्याची तरतूद झाली. याचा खर्च विकासकाला मिळणाऱ्या वाढीव चटईक्षेत्रातून व हस्तांतरणीय विकास हक्कांतून भागविला जातो. या रचनेत प्रकल्पबाधितांची घरे जेथे जमीन स्वस्त तेथे बांधण्याकडे विकासकाचा कल असतो, कारण मिळणारे हक्क महाग भागात विकता येतात. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाने विस्थापित झालेल्या कुटुंबांसाठी मानखुर्दचे लल्लुभाई कंपाउंड, गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड यांसारख्या वसाहती याच भागात उभ्या राहिल्या, त्या या आर्थिक तर्काला अनुसरूनच होत. कुटुंबाला पक्के घर मिळाले, पण मुलांची जुनी शाळा दूर राहिली. नव्या वसाहतीत हजारो मुले एकाच वेळी आली. त्या प्रमाणात शाळा मात्र आल्या नाहीत.

४. शेजारशाळेची कल्पना

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात, शेतसाऱ्यातून आलेला पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, याकडे लक्ष वेधले होते. ही विषमता तेव्हा खर्चाच्या वाटपाची होती. आज मुंबईत तिला जागेच्या वाटपाची जोड मिळाली आहे.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) शेजारशाळेची संकल्पना मांडली. परिसरातील सर्व मुलांनी जात, धर्म, उत्पन्न असा भेद न करता एकाच शाळेत शिकावे, असा तिचा आशय होता. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे महाराष्ट्राशी निकटचा संबंध असलेले शिक्षणतज्ज्ञ होते. ही संकल्पना यशस्वी होण्यासाठी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे शेजार मिश्र असणे. शेजारच उत्पन्नानुसार विभागलेला असेल, तर शेजारशाळा त्या विभागणीचीच प्रतिकृती ठरते. देवनारमध्ये हेच घडलेले दिसते.

अमेरिकेत शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून होतो व मूल राहत्या भागातील शाळेतच जाते. त्यामुळे महाग उपनगर म्हणजे चांगली शाळा असे समीकरण तेथे तयार झाले. मुंबईतील यंत्रणा वेगळी आहे. येथे महापालिका संपूर्ण शहरातील आपल्या शाळा एकाच अर्थसंकल्पातून चालविते आणि मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड व इंग्रजी अशा आठ माध्यमांतून शिक्षण देते. येथे विषमता निर्माण होते ती सुस्थित कुटुंबे महापालिकेच्या शाळांतून बाहेर पडल्यामुळे, खासगी शाळांच्या शुल्कामुळे आणि प्रवेशासाठी लावलेल्या अंतराच्या अटीमुळे. कारणे निराळी असली, तरी परिणामांत फारसा फरक नाही.

५. २५ टक्के जागा आणि अंतराची अट

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १२(१)(ग) अन्वये खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशस्तरावरील किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित व दुर्बल घटकांतील बालकांना मोफत द्यावयाच्या असून शासनाने त्याची प्रतिपूर्ती करावयाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी ही तरतूद वैध ठरविली. मात्र विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना तीतून वगळले. ६ मे २०१४ च्या प्रमती निकालानंतर सर्वच अल्पसंख्याक शाळा कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या. चेंबूर परिसरात ख्रिस्ती व दाक्षिणात्य संस्थांनी चालविलेल्या शाळांची परंपरा जुनी आहे. त्यांपैकी ज्यांना अल्पसंख्याक दर्जा आहे, त्या शाळांतील जागा देवनारच्या मुलांना या मार्गाने मिळू शकत नाहीत.

महाराष्ट्रात या प्रवेशांसाठी राज्यस्तरावर ऑनलाइन अर्ज व सोडत अशी पद्धत आहे. शाळेपासून १ किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना प्रथम प्राधान्य आणि त्यानंतर ३ किलोमीटरपर्यंत राहणाऱ्यांचा विचार, असा क्रम ठरलेला आहे. कागदावर हा निकष तटस्थ दिसतो. परंतु जेथे महाग शाळा महाग वसाहतीजवळ असतात, तेथे पहिल्या किलोमीटरमध्ये राहणारे दुर्बल घटकातील कुटुंब हे बहुधा त्या वसाहतीलगतच्या लहानशा वस्तीतलेच असते. कचराभूमीलगतच्या वस्तीतील अर्जदार दुसऱ्या क्रमात जातो. शिवाय नकाशावरील अंतर आणि सहा वर्षांच्या मुलाने चालायचे अंतर एक नसते. हार्बर रेल्वेमार्ग, शीव-पनवेल महामार्ग आणि जोडरस्त्यावरील अवजड वाहतूक ओलांडून जाणे हे पालकांच्या दृष्टीने दररोजचे जोखमीचे काम आहे.

उत्पन्नाच्या अटीचाही येथे उल्लेख करणे क्रमप्राप्त आहे. दुर्बल घटकासाठी वार्षिक १ लाख रुपयांची मर्यादा ठरविण्यात आली. दरमहा हिशेब केल्यास ती सुमारे ८,३३३ रुपये होते. मुंबईत दोघे कमावते असलेले कष्टकरी कुटुंबही ही मर्यादा सहज ओलांडते, पण खासगी शाळेचे शुल्क त्यास परवडत नाही. अशी कुटुंबे दोन्ही बाजूंनी वगळली जातात. याखेरीज मोफत शिक्षणाची हमी आठवीपर्यंतच आहे. नववीत शुल्काचा प्रश्न नव्याने उभा राहतो.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियमांत बदल करून शासकीय वा अनुदानित शाळेपासून १ किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी विनाअनुदानित शाळांना या बंधनातून सूट दिली. मुंबईसारख्या दाट शहरात अशी शाळा जवळपास सर्वत्र असल्याने ही तरतूद व्यवहारात निरर्थक ठरली असती. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी त्या बदलास स्थगिती दिली व १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. या घटनाक्रमाचे महत्त्व असे की, मूल आणि चांगली शाळा यांच्यामध्ये उभा राहणारा अंतराचा एक छोटासा नियम हजारो जागा एका फटक्यात नाहीशा करू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

६. पत्त्याचा पुरावा

प्रवेशाच्या अर्जासोबत निवासाचा पुरावा द्यावा लागतो. भाड्याने राहणाऱ्या पालकांकडून नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार नोंदविण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. झोपडपट्टीतील खोलीच्या बाबतीत मालकाकडेच जमिनीचा हक्क नसतो. भाडेकरूची नोंद कागदावर आल्यास पुढे पुनर्वसनातील पात्रतेला बाधा येईल, अशी भीतीही त्याला वाटते. त्यामुळे करार तोंडी राहतो आणि मूल अर्जाच्या टप्प्यावरच बाद होते.

येथे गृहनिर्माण आणि शिक्षण यांची गाठ सर्वांत स्पष्टपणे दिसते. ज्या कुटुंबाचे घर सर्वांत अस्थिर, त्याला शाळेतील राखीव जागेची गरज सर्वांत अधिक असते आणि पत्ता सिद्ध करण्याची क्षमता सर्वांत कमी असते. भाड्याची खोली दर ११ महिन्यांनी बदलावी लागणाऱ्या कुटुंबात मुलाची शाळाही वारंवार बदलते, ही बाब वेगळीच.

७. इतरत्र आलेले अनुभव

घर बदलल्याने मुलांचे शिक्षण सुधारते काय, या प्रश्नाचे उत्तर सरसकट देता येत नाही. अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या माँटगोमेरी परगण्यात १९७० च्या दशकापासून नव्या गृहप्रकल्पांत काही घरे अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याचे बंधन आहे. हेदर श्वार्ट्झ यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सोडतीने सुस्थित वस्तीत घर मिळून तेथील शाळेत गेलेल्या गरीब मुलांची गणितातील प्रगती, अधिक साधनसामग्री दिलेल्या परंतु गरीब वस्तीतील शाळांमध्ये शिकणाऱ्या मुलांपेक्षा सरस आढळली. न्यू जर्सीमध्ये माउंट लॉरेल खटल्यानंतर (१९७५) संपन्न उपनगरात अल्प उत्पन्न गटासाठी १४० घरे बांधली गेली. डग्लस मॅसी व सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात, त्यामुळे शेजारच्या घरांच्या किमती घसरल्या वा गुन्हे वाढले असे आढळले नाही.

याउलट अनुभव अहमदाबादचा आहे. तेथे १९८७ मध्ये काही झोपडपट्टीवासी स्त्री-कामगारांना सोडतीने शहराच्या कडेला सुमारे १२ किलोमीटर अंतरावर घरे मिळाली. चौदा वर्षांनंतर शेरॉन बार्नहार्ट, एरिका फील्ड व रोहिणी पांडे यांनी पाहणी केली, तेव्हा ३४ टक्के विजेत्यांनी घरात प्रवेशच केला नव्हता आणि ३२ टक्के राहून परत गेले होते. मुलांच्या स्थितीत लक्षणीय सुधारणा आढळली नाही, उलट नातेवाइकांचा व ओळखीच्यांचा आधार तुटला होता. पक्के घर चांगले असूनही ते चुकीच्या जागी असेल तर लाभ होत नाही, हा त्याचा बोध होय.

मिश्र शाळेमुळे सुस्थित मुलांचे नुकसान होते, ही शंका पालकांकडून नेहमी व्यक्त केली जाते. गौतम राव यांनी दिल्लीतील खासगी शाळांचा केलेला अभ्यास (२०१९) याबाबत उपयुक्त आहे. गरीब वर्गमित्रांच्या सहवासाने सुस्थित मुले अधिक उदार झाली, भेदभाव कमी झाला आणि त्यांच्या गुणांवर एकूण फारसा परिणाम झाला नाही, असे त्यात दिसून आले.

८. कचराभूमीवरील घरे : पुढील कसोटी

२८ जानेवारी २०१६ रोजी देवनार कचराभूमीला मोठी आग लागली. धुरामुळे परिसरातील महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. जागेचा मुलांच्या शिक्षणावर होणारा परिणाम याहून ठळकपणे दाखविणे कठीण आहे.

याच कचराभूमीची सुमारे १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकास प्रकल्पातील घरांसाठी देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. धारावीत मोफत घरास अपात्र ठरणाऱ्या कुटुंबांची सोय अशा जमिनींवर करण्याचे नियोजन आहे. साचलेला सुमारे १८५ लाख टन कचरा हटविण्यासाठी महापालिकेने २०२५ मध्ये सुमारे २,३६८ कोटी रुपयांच्या कामाची प्रक्रिया हाती घेतली. जमिनीची शुद्धी, वायू व दूषित पाणी यांविषयीचे प्रश्न गंभीर आहेतच. त्यांच्या जोडीला शाळांचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. धारावी शहराच्या मध्यभागी असून तेथील मुलांना शीव, माहीम, माटुंगा, दादर येथील जुन्या शाळांचा परिसर उपलब्ध आहे. तीच मुले देवनारला आली की १ व ३ किलोमीटरची वर्तुळे नव्याने आखली जातील, आणि त्या वर्तुळांत मुळातच अपुऱ्या असलेल्या शाळा येतील. विभागातील मूळ रहिवासी व नवागत यांच्यात त्याच मोजक्या जागांसाठी स्पर्धा सुरू होईल.

९. निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, एम पूर्व विभागातील गरिबीचे केंद्रीकरण हा बऱ्याच अंशी गृहनिर्माण व पुनर्वसन धोरणाचा परिणाम आहे. दुसरा असा की, शिक्षणहक्क कायद्याने अंतर हा निकष मानल्यामुळे त्या केंद्रीकरणाचे दोष शाळाप्रवेशातही उतरतात. तिसरा असा की, २५ टक्के राखीव जागा पूर्णपणे भरल्या तरी बहुसंख्य मुले महापालिकेच्याच शाळांत राहणार आहेत. म्हणून राखीव जागा हा महापालिकेच्या शाळा सुधारण्यास पर्याय होऊ शकत नाही.

यास अनुसरून पुढील सूचना विचारार्ह ठरतात.

(१) मोठ्या पुनर्वसन प्रकल्पास भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी येणाऱ्या मुलांची वयोगटानुसार संख्या व परिसरातील उपलब्ध शालेय जागा यांचा ताळेबंद प्रसिद्ध करणे बंधनकारक असावे.

(२) ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवर २० टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचे धोरण राज्याने २०१३ मध्ये स्वीकारले. ही घरे त्याच गृहसंकुलाच्या आवारात असावीत, यावर भर द्यावा. कारण त्यांचे खरे मूल्य क्षेत्रफळाइतकेच पत्त्यात आहे.

(३) भाडेकरू पालकांसाठी नोंदणीकृत कराराऐवजी अंगणवाडीतील नोंद किंवा प्रत्यक्ष गृहभेटीचा पंचनामा ग्राह्य धरावा.

(४) ज्या विभागात शालेय जागांचा तुटवडा सिद्ध झाला आहे, तेथे अंतराची मर्यादा शिथिल करून शालेय बसची सोय करावी.

(५) महापालिकेने २०२० नंतर केंद्रीय मंडळाशी संलग्न शाळा सुरू केल्या. त्यांना पालकांचा एवढा प्रतिसाद मिळाला की प्रवेश सोडतीने द्यावे लागले. पालक सार्वजनिक शाळेकडे पाठ फिरवितात हे म्हणणे त्यामुळे पुरते खरे ठरत नाही. त्यांना दहावीपर्यंत पोहोचविणारी विश्वासार्ह शाळा हवी असते. अशा शाळा प्रथम एम पूर्व विभागात वाढवाव्यात.

देवनारच्या कचराभूमीवर इमारती उभ्या राहतील तेव्हा त्यांची मोजदाद सदनिकांच्या संख्येने होईल. परंतु तेथे राहावयास येणारे सहा वर्षांचे मूल जूनमध्ये कोणत्या शाळेत जाणार, या प्रश्नाचे उत्तर इमारतीच्या नकाशासोबतच तयार असले पाहिजे. एकदा कुटुंबे राहावयास आली की शाळेसाठी जमीन शोधणे किती अवघड होते, याचा अनुभव या विभागाने चिता कॅम्पपासून लल्लुभाई कंपाउंडपर्यंत घेतलेला आहे. तो पुन्हा घेण्याची आवश्यकता नाही.